बुखारीचा तुटलेला बोल्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. उभे राहून चार माणसांत बोलण्याची सवय नाही, तेव्हा काही चुकले-माकले तर पदरात घ्यावे, ही पहिली विनंती.

आज मला येथे उभे करण्यास कारण झाले ते आपल्या मंडळाचे शेवयांचे यंत्र. गेल्या उन्हाळ्यात ते पाटाला आवळून धरणारा बोल्ट तुटला आणि अर्धा तुकडा आतच राहिला. यंत्र मोडीत घालावे असे ठरत होते. मी म्हटले, दोन दिवस माझ्याकडे राहू द्या. तिसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा चालू झाले आणि चालक बाईंनी विचारले, "हे तुम्ही शिकलात कुठे?" मी म्हटले, "काश्मिरात." सगळ्या हसल्या. पण ते खरे आहे. ती हकीगत सांगावी असा त्यांनी आग्रह धरला, म्हणून सांगते.

आपल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या भागांतली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, हे तुम्हांला मी काय सांगावे? येथे बसलेल्या निम्म्याजणींचे कोणी ना कोणी सोनेचांदी गाळण्याच्या कामावर परमुलखात आहे. कोणी केरळात, कोणी पंजाबात, तशी मी लग्न होऊन श्रीनगरला गेले. तेथे आपली बरीच मराठी कुटुंबे आहेत. गणपतीत सगळी एकत्र जमतात, आरती म्हणतात, आणि प्रसादाचे मोदक शेजारच्या काश्मिरी घरांतही जातात.

तिथली थंडी मात्र आपल्याकडच्या माणसाला सांगून कळावयाची नाही. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस जी थंडी पडते, तिला तिथे 'चिल्लाई कलान' म्हणतात. नळातले पाणी नळातच गोठते. सकाळी नळाला गरम फडके गुंडाळावे तेव्हा धार सुटते. २०२१ साली १४ जानेवारीला तिथला पारा शून्याखाली ८.४ अंश उतरला होता. अशा दिवसांत अंगावर फेरन, फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी, आणि खोलीत बुखारी, यांवर माणूस निभावून नेतो.

बुखारी म्हणजे काय, ते सांगते. आपला पाणी तापवावयाचा बंब डोळ्यांपुढे आणा. त्यात विस्तव मधे आणि पाणी भोवती. बुखारीत पाणी नाही. लोखंडी पिंप, त्यात लाकडे, वरून धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी. आच लागते ती खोलीतल्या हवेला. आमची बुखारी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली होती. तिचे पिंप जाड पत्र्याचे, पण तोंडाची चौकट आणि दार बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. दाराची बिजागरी चौकटीवर दोन बोल्टांनी बसवलेली. बोल्ट ८ मिलिमीटर जाडीचे, आणि मागे चाकी नव्हती. चौकटीतच आटे पाडून त्यांत ते पिळलेले होते.

या दाराला फार महत्त्व आहे. दार नीट बसले नाही तर वारा नको तेवढा आत जातो आणि लाकडे भराभरा जळून जातात. बाहेरचा वारा उलटा फिरला की त्याच फटीतून धूर खोलीत येतो. धुराबरोबर जो विषारी वायू येतो, त्याला ना वास, ना रंग. डोके जड होते, झोप येते, आणि झोपलेले माणूस उठत नाही. तिकडे हिवाळ्यात अशी माणसे गेल्याच्या बातम्या येतात. म्हणून दार वाकडे झाले तर ते चालवून घेता येत नाही.

आता २०१४ सालाकडे येते. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ८ सप्टेंबरला होती. आदल्या दिवशी झेलमचे पाणी आमच्या वस्तीत शिरले. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, म्हणून जीव वाचले. खालच्या खोलीत ठेवलेले सगळे पाण्यात गेले. दुकानात तर माणूसभर पाणी. उन्हाळ्यात बुखारी उतरवून खालीच ठेवावयाची पद्धत, त्यामुळे ती पंधरा दिवस गढूळ पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर मी ती धुतली, पुसली, आणि बरी दिसते म्हणून बाजूला ठेवली. बोल्टांच्या आट्यांत शिरलेले पाणी मला कसे दिसावे?

डिसेंबर लागला. दुकान पुन्हा उभे करावयाचे म्हणून हे पैशांची सोय करण्यासाठी गावी आले होते. मागे मी, बारा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. मुलाला थंडीत छाती भरून यावयाची खोड. बुखारी वर आणून लावली, तर दार तिरपे. बिजागरी सरकलेली दिसत होती. बोल्ट ढिला करून सरळ करावी, एवढेच काम. मी पाना लावला. हलेना. मग मी, स्वतःला शहाणी समजणारी, पान्याच्या दांड्यावर नळीचा तुकडा चढवला आणि दोन्ही हातांनी जोर केला. बोल्ट हलला असे वाटले. तो फिरला नव्हता, पिळवटला होता. कट् असा आवाज झाला. डोके माझ्या हातात आणि उरलेला बोल्ट चौकटीच्या आत, अगदी पृष्ठभागाशी सपाट. पक्कड लावावयाला गव्हाएवढीही जागा नाही.

मला रडूच कोसळले. रात्री यांचा फोन आला, तेव्हा मी "सगळे ठीक आहे" म्हणून सांगितले. लग्नानंतर मी यांच्याशी बोललेले ते पहिले मोठे खोटे.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचे काम करणाऱ्या एकाला बोलावले. त्याने पाहिले आणि म्हणाला, तुकडा आत आहे, वीज धड टिकत नाही, आणि बिडाला वेल्डिंगची आच लागून तडा गेला तर मला बोलू नका, त्यापेक्षा नवी घ्या. नवी घ्यावयाला पैसे असते तर हे गावी कशाला आले असते?

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही अम्मी म्हणत असू. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे चाचा, जन्मभर तांब्याची भांडी घडवीत आलेले कारागीर. वय झालेले, हाताला कंप सुटलेला, त्यामुळे हातोडी त्यांनी कधीच खाली ठेवली होती. ते कांगडी घेऊन खाली बसले, बोल्टाच्या डोक्याचा तुकडा बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बेटी, माझे हात आता काम करीत नाहीत. तुझे करतात. मी सांगतो तसे कर, पण घाई केलीस तर मी उठून जाईन."

पुढचे काम चार दिवस चालले. त्या चार रात्री अम्मींनी आम्हां तिघांना आपल्या खोलीत निजवले.

पहिला दिवस तेलाचा. नळी काढून, राख झाडून, आम्ही बुखारी उताणी निजवली, म्हणजे भोक वर आले आणि त्यात तेल टिकू लागले. निम्मे रॉकेल आणि निम्मे गाडीचे तेल एकत्र करून थेंब थेंब सोडावयाचे. थोड्या वेळाने तुकड्यावर पंच ठेवून हातोडीने हलके ठोके मारावयाचे. चाचांनी कारण सांगितले. लोखंड गंजले की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांत जी बारीक फट असते ती तो भरून टाकतो, आणि बोल्ट सिमेंट ओतल्यासारखा बसतो. ठोक्याने तो गंज तडकतो, आणि त्या तडीतून तेल आत उतरते. दिवसभरात मी दहा-बारा वेळा तेल सोडले. दिसावयाला काही फरक नव्हता.

दुसरा दिवस आचेचा. दुकानातून वाचलेला यांचा गॅसचा बर्नर घरी होता, आणि गलाईवाल्याच्या घरात राहिल्यामुळे तो पेटवण्याची मला भीती नव्हती. आधी तेल अगदी कोरडे पुसून घेतले, तेलाचा डबा खोलीबाहेर ठेवला आणि खिडक्या उघडल्या. चाचा म्हणाले, बोल्ट तापवू नकोस, भोवतालची चौकट तापव. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवितात, ते आठवा. धाव तापली की फुगते, चाकावर बसते, आणि निवली की आवळते. येथेही तेच. चौकट तापली की भोक अंमळ मोठे होते. फार नव्हे हो, मीटरभर लांब सळई १०० अंशांनी तापवली तर सुमारे एक मिलिमीटरच वाढते, मग करंगळीहून बारीक भोक ते किती वाढणार! पण तेवढ्यानेही गंजाची पकड सुटते. बीड मात्र एकाच जागी झटकन तापवले तर तडकते. म्हणून ज्योत सगळ्या चौकटीवरून सावकाश फिरवावयाची, आणि तापल्यावर पाण्याचा थेंबही लावावयाचा नाही.

चौकट चांगली तापली तेव्हा चाचांनी मला बर्नर बंद करावयास सांगितला आणि मेणबत्ती हातात दिली. तिचे टोक मी तुकड्याच्या कडेला टेकवले. मेण वितळले, आणि पाहता पाहता कडेच्या फटीत ओढले गेले. जेथे तेल दिवसभर जाईना, तेथे मेण डोळ्यांदेखत आत शिरले. मग आपोआप निवू दिले. संध्याकाळपर्यंत असे तीन वेळा केले.

तिसरा दिवस भोकाचा. तुटलेले टोक ओबडधोबड होते, ते कानशीने सपाट केले. मग बरोबर मध्यावर पंचाने खूण करावयाची. माझी पहिली खूण जरा बाजूला पडली. चाचा म्हणाले, ही चूक आता दुरुस्त कर, नंतर होणार नाही. पंच तिरपा धरून मी ती खूण मध्याकडे सरकवली. हे फार जपण्याचे काम. खूण बाजूला गेली की भोक बाजूला जाते, आणि बोल्टाऐवजी चौकटीचेच आटे कापले जातात.

डोळ्यांना यांचा कामाचा चष्मा लावला. हाताने फिरवावयाचे ड्रिल होते. आधी ३ मिलिमीटरचे पाते लावले. ड्रिल सरळ उभे आहे की नाही, ते धरणाऱ्याला कळत नाही. म्हणून चाचा समोर बसले आणि मुलगी बाजूला, आणि दोघे मला "इकडे, तिकडे" असे सांगत राहिले. मधून मधून तेलाचा थेंब, आणि पाते काढून कीस झाडावयाचा. दोन्ही खांदे भरून आले. दुपारी ५ मिलिमीटरचे पाते लावून तेच भोक मोठे केले. आता ८ मिलिमीटरच्या बोल्टाची भोवती दीड मिलिमीटरची भिंत उरली. भिंत पातळ झाली की बोल्टाचा ताठा जातो.

चौथ्या दिवशी चाचांनी आपल्या जुन्या हत्यारांतून एक चौकोनी, टोकाकडे निमुळती होत गेलेली पोलादी कांडी काढली. ती भोकात हलके ठोकून बसवली, की तिचे चार कोपरे भिंतीत रुततात. वरच्या चौकोनी टोकाला पाना लावून उलट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फिरवावयाचे. बाजारात याच कामासाठी उलट्या आट्यांचे हत्यार मिळते, पण ते फार कडक असते. जोर केला तर आतच मोडते, आणि मोडल्यावर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. मग दुखण्यापेक्षा औषध भारी होऊन बसते.

मी फिरवले. हलेना. मागच्या वेळचा तो कट् आवाज कानांत होता, हात थरथरले, आणि मी पाना खाली ठेवला. चाचा काही रागावले नाहीत. म्हणाले, "आता तुला कळले." आणि कांडी काढून पुन्हा चौकट तापवावयास सांगितली. पुन्हा मेण, पुन्हा निववणे, पुन्हा ठोके. मग कांडी बसवून मी जोर करण्याऐवजी पाना थोडा मागे, थोडा पुढे असा केला. कर्र असा बारीक आवाज आला. केसभर फिरला. मी परत आत फिरवला, तेल सोडले, पुन्हा बाहेर. केसाचे गव्हाएवढे झाले, गव्हाचे पाव फेरा झाले, आणि मग तो तुकडा निमूटपणे वर आला.

मुलगी टाळ्या वाजवू लागली. अम्मी स्वैपाक टाकून आल्या. चाचांनी तुकडा उचलला, फुंकर मारली आणि माझ्या तळहातावर ठेवला. तो हा पाहा. (येथे तुकडा सभासदांना दाखवण्यात आला.) माझ्या कुंकवाच्या डबीत तो तेव्हापासून आहे.

दुसरा बोल्ट अजून चौकटीत शाबूत होता. त्याला मी आधी हातही लावला नव्हता. त्यालाही तेच तेल, तीच आच, तेच मेण दिले, आणि तो साध्या पान्याने अखंड निघाला. म्हणजे पहिलाही तसाच निघाला असता. माझ्या दोन मिनिटांच्या घाईची किंमत चार दिवस होती.

मग चौकटीतले आटे साफ केले. त्यासाठी नव्याच एका बोल्टाला लांबीच्या दिशेने कानशीने दोन खाचा पाडल्या आणि तो आत-बाहेर फिरवला. आट्यांतला गंज खाचांत गोळा होऊन बाहेर आला. नवे बोल्ट बसवताना त्यांना ग्रॅफाइटची पूड, म्हणजे शिसपेन्सिलीतले काळे असते ती, थोड्या तेलात कालवून लावली. आचेने तेल जळून जाते, पण ग्रॅफाइट राहते आणि बोल्ट पुन्हा चिकटू देत नाही. बोल्ट आवळले तेही बेताने. बिडाला अती आवळणे सोसत नाही. दार सरळ बसले. त्या रात्री बुखारी पेटवली, आणि निजण्यापूर्वी ती विझवून, खिडकीची एक फट उघडी ठेवून, मुलांना जवळ घेऊन झोपले.

यांना मी दोन दिवसांनी सगळे खरे सांगितले. हे क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बर्नर कुणी धरला?" मी म्हटले, "मीच." "आणि चौकटीला तडा?" "नाही." मग म्हणाले, "दुकानातल्या तिजोरीचे कुलूपही गंजले आहे. मी येईपर्यंत त्याला तेल घालत राहा." त्यापुढे दुकानातली पुरात गंजलेली कितीतरी हत्यारे मी आणि मुलीने मिळून सोडवली.

२०१९ साली चाचा गेले. पुढे आमचेही बिऱ्हाड येथे आले. बुखारी आम्ही अम्मींकडे ठेवून आलो. दर वसंतात तिचे दोन्ही बोल्ट ढिले करून, पुसून, ग्रॅफाइट लावून ठेवावयाचे, हे मी त्यांच्या सुनेला शिकवून आले आहे.

आपल्या शेवयांच्या यंत्राचे काम तर त्या मानाने सोपे होते. त्याचेही अंग बिडाचे, पण त्याला आच लावण्याची गरज पडली नाही. दोन दिवस तेल, हलके ठोके, मध्यावर खूण, बारीक भोक, आणि उलटा फेरा. खाण्याचे यंत्र म्हणून नंतर साबण व कढत पाण्याने दोनदा धुतले, कोरडे केले.

भगिनींनो, यातून मला जे कळले ते थोडक्यात सांगते. अडलेल्या बोल्टावर पहिल्याच दिवशी जोर करू नका. आधी तेल घाला आणि रात्र जाऊ द्या. पान्यावर नळी चढवू नका. बोल्ट तुटलाच आणि टोक बाहेर राहिले असेल, तर चांगल्या वेल्डिंगवाल्याकडून त्यावर चाकी जोडून घ्यावी. त्या आचेनेच पुष्कळदा काम होते. टोक सपाट असेल तर मध्यावरची खूण हेच सगळे काम, असे समजा. रॉकेल व विस्तव एकत्र आणू नका. डोळ्यांना चष्मा लावल्यावाचून ठोकाठोक करू नका.

आपल्या भागात पुष्कळ घरांतले पुरुष वर्षातले दहा महिने बाहेर असतात. बंबाची तोटी, गिरणीचा बोल्ट, शिवणयंत्राचा स्क्रू, मोटारीच्या पंपाची चाकी, ही त्यांची वाट पाहत थांबत नाहीत. आपण एकतर वस्तू टाकून देतो, नाही तर माझ्यासारखा जोर करून बसतो. म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. मंडळाच्या कपाटात एक पेटी असावी. तिच्यात एक पंच, एक हातोडी, एक कानस, हाताने फिरवावयाचे ड्रिल व त्याची दोन-तीन पाती, पान्यांचा एक संच, तेलाची एक झारी आणि डोळ्यांचा एक चष्मा, एवढेच ठेवावे. लागेल त्या सभासदेने वहीत सही करून न्यावे व साफ करून परत आणावे. ती चौकोनी कांडी चाचांनी मला दिली होती. पेटीत घालावयाला ती मी आज बरोबर आणली आहे, ती अध्यक्षबाईंच्या हाती देते.

आणि ज्या कोणाचे काही अडले असेल, तिने मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावे. मी सांगेन, परंतु हात तिचे तिनेच चालवावयाचे. चाचांची अट मीही घालणार आहे.